रात्रपाळीचे शेजारी

ज्यांच्या घरी कारखान्याची नोकरी आहे त्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे घड्याळ भिंतीवर नसतं, पाळीवर असतं. ‘ह्यां’ची एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी आणि एक आठवडा रात्रपाळी. त्या रात्रपाळीच्या आठवड्यात दार लावून, दोनदा कडी तपासून, मी अंथरुणाला पाठ टेकायची ती नुसती नावाला.

लग्न होऊन बुटीबोरीला आले ती 1999 साली. माहेर अमरावतीचं, भर वस्तीतलं. तिथे रात्री कानावर येत ते शेजाऱ्यांचे रेडिओ आणि कुणाच्या तरी घरचं भांडण. इथे आमचं घर वसाहतीच्या अगदी टोकाला. एका अंगाला नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर, दुसऱ्या अंगाला कपाशीची शेतं. आणि दोन्हींच्या मध्ये, आमच्या न्हाणीघराच्या मागे, एक जुना कडुनिंब.

पहिल्याच रात्रपाळीच्या आठवड्यात त्या कडुनिंबावरून अशी काही किंचाळी आली की मी पांघरुणातच गोठले. चिर्रर्र-चिर्रर्र-चिवक-चिवक! दोन बायका कचाकचा भांडाव्यात आणि मध्येच एकीने हसावं, तसा आवाज. सकाळी हे आल्यावर रडवेली होऊन सांगितलं, तर चहाचा घोट घेत म्हणाले, “पिंगळा असंल. एवढंसं पाखरू ते!” आणि झोपून गेले. पुरुषांचं हे असं असतं!

पिंगळा म्हणजे छोटं घुबड. मुठीएवढ्या देहाचं, पिवळ्या डोळ्यांचं, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचं. आपल्या गावाशहरांतून सगळ्यांत जास्त दिसणारं घुबड तेच. पण हे ज्ञान मला फार उशिरा झालं. त्या वेळी मला माहीत होतं ते एवढंच, की घुबड घरावर ओरडलं की घरातलं माणूस जातं. माझ्या आजीने सांगितलं होतं, तिला तिच्या आजीने.

बारा-तेरा वर्षं मी उशीखाली कान दाबून काढली. मग 2012 च्या होळीला सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं मात्र राहिलं. त्यांची बाज आम्ही मागच्या खोलीत, कडुनिंबाकडच्या खिडकीशी टाकली, कारण न्हाणीघर तिथून जवळ. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यायची, पाणी पाजायचं, औषध द्यायचं. म्हणजे आता मीही कायमची रात्रपाळीवर!

आणि तो पिंगळा रोज ओरडायचा. दिवेलागणीला एकदा, मग मध्यरात्रीनंतर, मग पहाटे. आई डोळे उघडून म्हणायच्या, “आला का वं थो?”

मला ते ऐकवेना. शेजारच्या वहिनी रोज बजावत, “अवो, फांदी तोडून टाका. आजारी माणसाच्या उशाशी घुबड म्हणजे काय?” एका रात्री माझा धीर सुटला. अंगणातला दगड उचलून मी झाडाखाली गेले, तर खिडकीतून आईंचा आवाज आला, “गोटा नोको मारू वं पोरी! थो गोटा नेऊन नदीवर घासत बसते. गोटा झिजला का मारनारं मानूस झिजते.”

मी दगड खाली टाकला. भीतीनेच टाकला, उगीच मोठेपणा कशाला सांगू? पण नंतर मनात आलं की घुबडाला वाईट म्हणणाऱ्या आपल्या बायकांनीच त्याला दगड न मारण्याची ही तोडही काढून ठेवली आहे. एका समजुतीने त्याला बदनाम केलं आणि दुसरीने जगवलं.

त्या रात्री आईंना झोप नव्हती, मलाही नव्हती. त्या त्यांच्या लहानपणचं सांगत बसल्या. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन पिंगळा जोशी यायचा, झाडावरच्या पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असं म्हणून घराघराचं भविष्य सांगायचा, मग त्यांची आई त्याला सुपातून जोंधळे घालायची. “भविष्य खरं निघायचं का?” मी विचारलं. आई म्हणाल्या, “कायचं! पन थो सांगे चांगलंच. वाईट सांगितलं तर जोंधळे कोन देईन?”

तेव्हापासून आम्ही दोघी ऐकायला लागलो. दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी आईंच्या औषधांच्या वेळा लिहीत असे. त्याच रांगेत पिंगळाही यायला लागला. ‘गोळी 2 वाजता. पिंगळा 2-10.’ ‘पाणी 4. पिंगळा 4-25, दोन आवाज.’ दोन आवाज म्हणजे जोडी. ही पाखरं जोडीने राहतात, एकमेकांना हाका देतात, हे मला वहीनेच शिकवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आई गेल्या. दहाव्याला वहिनी हळूच म्हणाल्या, “मी म्हटलं नव्हतं?” मी वाद घातला नाही. रात्री वही काढून मोजत बसले. होळीपासून पोळ्यापर्यंत 118 रात्री पिंगळा ओरडल्याची नोंद होती. 118 वेळा तो ओरडला आणि आई एकदाच गेल्या. आणि ज्या दिवशी गेल्या त्याच्या आदल्या रात्रीपुढे काय लिहिलं होतं? ‘पाऊस. काही ऐकू आलं नाही.’

ती वही मी वसाहतीतल्या शाळेच्या बाईंना दाखवली. त्या दर रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून तळ्याकाठी हिंडत. लोक हसत त्यांना. बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, “तुम्ही तर पक्षिनिरीक्षक झालात की!” मला वाटलं, थट्टाच करतात. दुर्बीण नाही, इंग्रजी नावं येत नाहीत, घराबाहेर पडायला सवड नाही, कसली मी निरीक्षक? पण बाई म्हणाल्या, घुबडासाठी दुर्बिणीपेक्षा कान हवेत, आणि जागरण हवं. दोन्ही तुमच्याकडे आहे.

मग त्यांनी एकेक आवाज ओळखायला शिकवला. घुबड नसलेले आधी बाजूला काढायचे. रात्री ‘टिटीव-टिटीव’ करत आकाशातून जाते ती टिटवी. फरशीवर गोटी टाकल्यावर ती टकटक टकटक करत थांबावी, तसा आवाज रातव्याचा. उरतात ती घुबडं. किंचाळतो आणि बडबडतो तो पिंगळा. अंगावर काटा आणणारी लांब घोगरी किंकाळी गव्हाणी घुबडाची. नाल्याच्या दरडीकडून घागरीत तोंड घालून कुणी ‘बूऽ-बोऽ’ म्हणावं तसा खोल, दुहेरी हुंकार आला, की ते मोठं शृंगी घुबड.

गव्हाणी हे नाव गुरांच्या गव्हाणीवरून. गोठ्यात, कोठारात, पडक्या वाड्यात राहणारं हे पांढुरकं घुबड. त्याचा चेहरा पाहिला आहे का तुम्ही? बदामाच्या आकाराचा, चपटा, मधोमध जरा खोलगट. सुपासारखा म्हणा ना. ते सूपच आहे, आवाज पाखडायचं. त्या चेहऱ्यावरची पिसं आवाज गोळा करून कानांकडे सरकवतात. आणि गंमत अशी, की त्याचे दोन कान एका पातळीत नसतात, एक वर तर एक किंचित खाली. त्यामुळे उंदराची खसखस उजवीकडून आली की डावीकडून, वरून की खालून, हे त्याला तिथल्या तिथे समजतं. अमेरिकेतल्या रॉजर पेन नावाच्या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात अगदी काळोख्या खोलीत हे घुबड सोडून पाहिलं. काही दिसत नसताना, नुसत्या पाचोळ्यातल्या आवाजावर त्याने उंदीर अचूक पकडला. पंखांच्या कडाही झालरीसारख्या मऊ, उडताना आवाज होत नाही. डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मानच फिरवायची. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा! हे कळल्यावर त्याच्या टकमक बघण्याचं भय कुठल्या कुठे गेलं. बिचाऱ्याला डोळे फिरवताच येत नाहीत, मग ते रोखूनच बघणार.

हळूहळू आमचं एक छोटं मंडळ जमलं. नाव नाही, वर्गणी नाही. शाळेच्या बाई, माझी वर्ध्याची नणंद, रुग्णालयात रात्रीची ड्यूटी करणारी एक नर्स, आणि कारखान्याच्या फाटकावरचा आमचा चौकीदार काका. सगळी रात्री जागणारी माणसं! आधी फोन, मग मोबाइलवरचे निरोप. ‘आज अकराला शृंगी, दोनदा.’ ‘पाण्याच्या टाकीवर पिंगळ्याची तीन पिल्लं, मान वरखाली करून मला बघतायत.’ नणंदेला तर सासरी बोलायला कुणी नव्हतं, ती पिंगळ्याच्या निमित्ताने माझ्याशी मन मोकळं करायची. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर झोपायची पद्धत. कूलरचा आवाज नाही, वर चांदणं. त्या दिवसांत आमच्या नोंदी सर्वांत जास्त.

बाई एका बाबतीत फार कडक. ऐकलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते नाही. त्यासाठी त्या रानपिंगळ्याची गोष्ट सांगत. हे पिंगळ्याचं रानातलं भावंड, पण हे दिवसा वावरणारं. काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव येतं, त्याच ॲलन ह्यूम यांनी 1873 साली त्याचं पहिलं वर्णन केलं. 1884 साली खानदेशात त्याचा नमुना मिळाला आणि त्यानंतर पाखरू नाहीसंच झालं. पुढे एका इंग्रज कर्नलने, माइनर्ट्झहागेन त्याचं नाव, आपल्याला ते 1914 साली गुजरातेत मिळालं असं सांगितलं. लोकांनी तिथे शोध घेतला, मिळालं नाही. मिळणार कसं? कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती! पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनी ही लबाडी ओळखली, जुने खरे नमुने जिथले होते तिथेच शोधायचं ठरवलं, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, बोडक्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना आणि त्यांच्या दोन सोबत्यांना दिसला. 113 वर्षांनी! पुढे आपल्या फराह इश्तियाक यांनी असद रहमानी यांच्यासोबत त्याचा माग घेतला, तेव्हा तो माझ्या माहेरच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातही सापडला. एका खोट्या चिठ्ठीने केवढा घोळ घातला, आणि तो निस्तरला बायकांनी. मला ही गोष्ट फार आवडते.

पण खोटी नोंद जशी वाईट, तशी खरी नोंद चारचौघांत ओरडून सांगणंही वाईट असतं. हे मी शिकले ते माझ्याच चुकीतून. आजवर मंडळाबाहेर हे बोलले नव्हते, आज तुम्हाला सांगते.

2019 च्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. बंद पडलेल्या एका शेडमध्ये चौकीदार काकांना गव्हाणीचं घरटं दिसलं. ते मला आणि बाईंना घेऊन गेले. लोखंडी तुळईच्या कोनात चार पिल्लं, चारी वेगवेगळ्या उंचीची. मादी अंडी एकदम न घालता दिवसाआड घालते आणि लगेच उबवायला बसते, म्हणून पिल्लंही मागेपुढे निघतात. अंगावर नुसता पिंजलेला कापूस, आणि आवाज कसा? कुकरची शिट्टी होण्याआधी जो फुसफुसाट होतो ना, तस्सा. मला इतका आनंद झाला! मोबाइलवर फोटो काढला आणि घरी येऊन सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली जागेचा पत्तासुद्धा लिहिला. ‘लक्ष्मीचं वाहन आमच्या बुटीबोरीत!’

बाईंना ते कळलं तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं. दिवाळीची अमावास्या जवळ आली की घुबडांवर काय संकट येतं ते मी तोवर ऐकलं नव्हतं. धन मिळेल, गुप्तधन सापडेल, म्हणून भोंदू लोक त्यांचा बळी देतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. घुबड पकडणं, विकणं, मारणं हा गुन्हा. तरी चोरून बाजार चालतो.

धनत्रयोदशीच्या आधी दोन अनोळखी माणसं मोटारसायकलवर येऊन काकांना विचारून गेली, “इथं घुबड असते म्हने?” काकांनी हाकलून लावलं. मला फोन आला तेव्हा मी चकल्या तळत होते. वनविभागाला तेव्हाच कळवायला हवं होतं. मी म्हटलं, सण आहे, उद्या बघू. दुसऱ्या रात्री शेडमधून फुसफुसाट आला नाही. तिसऱ्या रात्री आम्ही आत जाऊन पाहिलं. तुळईवर कुणी नव्हतं. खाली चार-दोन पिसं आणि उंदराच्या हाडांचे, केसांचे गोळे, घुबडं ओकून टाकतात ते.

पिल्लं कुणी नेली, की वर्दळीने बिथरून काही घडलं, मला आजतागायत ठाऊक नाही. उडण्याच्या वयाची ती नव्हती, एवढं मात्र मी पाहिलं होतं. फोटो कुणाकडून कुणाकडे गेला, त्याचाही माग लागला नाही. त्या दिवाळीत मी लक्ष्मीपूजन केलं, पण हात जोडताना डोळ्यांपुढे तो कापूसच येत होता. रात्री ह्यांना सांगितलं. हे नेहमी थट्टेवारी नेणारे, पण त्या दिवशी म्हणाले, “तू वाईट मनानं केलं नाही.” खरं आहे. पण पिल्लांना माझ्या मनाशी काय करायचं होतं?

त्यानंतर मंडळाचे काही नियम ठरले, ते तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून सांगते. घरट्याची जागा आपल्या दोन-तीन माणसांपलीकडे सांगायची नाही, फोटो कुठेच टाकायचा नाही. घरट्यावर बॅटरीचा झोत मारायचा नाही, मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं दुसरं घुबड घुसलं, आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो. संशयाचं माणूस फिरताना दिसलं तर त्याच घटकेला वनविभागाला कळवायचं, चकल्या थांबतात.

आणि एक स्वयंपाकघरातला. उंदीर मारायच्या विषारी वड्या मी घरातून बाद केल्या. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, झिंगत बाहेर जातो, आणि असा सुस्त उंदीर घुबडाला आयता सापडतो. विष मग त्याच्या पोटात. त्यापेक्षा नळाच्या पाइपाभोवतीच्या भोकात तारेची घासणी ठासून भरावी, उंदराला ती कुरतडता येत नाही. धान्य झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावं, रात्री खरकटं ओट्यावर राहू देऊ नये. तरी आलाच, तर पिंजरा लावावा. बाहेरच्या उंदरांचं काम रात्रपाळीचे शेजारी करतात, पगार न घेता.

2020 साली शासनाने 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह जाहीर केला. पाच तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, बारा तारखेला सलीम अलींचा. आपल्या विदर्भातल्या रानांची ज्यांनी मराठीला ओळख करून दिली ते चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. हा आठवडा येतो नेमका दिवाळीच्या आगेमागे, ते बरंच आहे. त्या आठवड्यात मी शाळेत जाऊन मुलींना वही दाखवते. घरट्याचा किस्साही सांगते, माझ्या नावासकट. मुली विचारतात, “मग काकू, तुम्हाला आता घुबडाची भीती नाही वाटत?” मी म्हणते, घुबडाची नाही वाटत.

कडुनिंब अजून आहे. वहिनींनीही फांदीचं बोलणं सोडलंय, उलट परवा भिंतीपलीकडून विचारत होत्या, “काल नाही ओरडला, बरा आहे ना?” ह्यांची नोकरीची थोडी वर्षं उरली आहेत, रात्रपाळी अजून चुकत नाही. हे गेले की मी दार लावते, कडी एकदाच तपासते, आणि मागच्या खोलीतली खिडकी उघडून आईंच्या बाजेवर बसते. अकराच्या सुमाराला मोबाइल वाजतो. वर्ध्याहून नणंदेचा निरोप असतो, दोनच शब्दांचा, तिच्या आईच्या तोंडचा.

“आला का?”